काकांचा मोतीबिंदू आणि ६/२४ चं टेन्शन

निफाडच्या काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकला झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून तक्ता वाचायला लावला तर नजर ६/२४ (निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं), आणि मग काय, सिडकोपासून ओझरपर्यंत सगळ्या नातेवाईकांचे फोन सुरू. लेझरने का नाही केलं, फोल्डेबल (घडी होणारी) लेन्स का नाही टाकली, पैसे वाचवले का.

तर ऐका. एकतर ज्याला सगळे लेझर म्हणतात ते फेको नावाचं ऑपरेशन, त्यात बहुतेक वेळा लेझर नसतोच, अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. काकांचा मोतीबिंदू पार पिकलेला, तपकिरी आणि टणक ("पिकू दे मग काढू" हे खूळ आपल्याकडे जाता जात नाही), तो फोडायला एनर्जी जास्त लागते आणि त्याचा त्रास कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला होतो. म्हणून डॉक्टरांनी एसआयसीएस (स्मॉल इन्सिजन कॅटरॅक्ट सर्जरी) केलं, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागातून ६-७ मिमीचा तिरका बोगदा, त्यातून मोतीबिंदूची अख्खी गाठ बाहेर आणि पीएमएमए या प्लास्टिकची, घडी न होणारी कडक लेन्स आत. टाका नाही, डोळ्यातल्या प्रेशरनेच बोगदा मिटतो.

आता छेद फेकोपेक्षा मोठा म्हटल्यावर कॉर्नियाची गोलाई थोडी बदलणार आणि सिलिंडर नंबर (वाकड्या गोलाईमुळे लागणारा चष्म्याचा नंबर) येणार, हे मान्यच. पुण्यातल्या डॉक्टरांनी ४०० डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून बघितल्या होत्या, २००५ मध्ये छापून आलंय. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याने ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत साधारण ८१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१. पण चष्मा लावल्यावर? दोन्हीकडे ९८.४! म्हणजे फरक आहे तो चष्म्याचा, डोळा वाया गेल्याचा नाही.

काकांचंही तेच. सिस्टरने बारीक भोकांचं काळं प्लास्टिक डोळ्यापुढे धरलं, "काका, आता वाचा बरं," आणि काकांनी खालच्या दोन ओळी धडाधड वाचल्या, ६/१२. पिनहोलने (त्या बारीक भोकातून) सुधारतंय म्हणजे आतला पडदा, रेटिना, बहुधा ठीक आहे, कसर मुख्यतः चष्म्याच्या नंबरची आहे, एवढं त्या प्लास्टिकच्या तुकड्यावरून कळतं. थेंब संपल्यावर, सहाएक आठवड्यांनी नंबर काढला तर चष्म्याने ६/९. वाचायला वेगळा नंबर लागलाच, कारण ही लेन्स एकाच अंतराची.

मला राग येतो तो याचा की लोक पट्टी सुटली की ऑपरेशन संपलं समजतात, चष्म्याच्या तपासणीला फिरकतच नाहीत आणि मग चारचौघात सांगतात की बिनटाक्याचं फेल गेलं. अरे, नंबर तर काढा आधी! आणि वर्ष-दोन वर्षांनी परत धुरकट वाटलं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका, लेन्समागची पिशवी गढूळ होते कधीकधी, ती यॅग लेझरने पाच-दहा मिनिटांत साफ होते. (हा मात्र खरा लेझर.)

डाव्या डोळ्याचं द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर बघू म्हणतायत, बागेत धूळ-फवारणी चालू असताना नको, आणि यावेळी पिकायची वाट बघणार नाहीत असं काकूंनी बजावलंय.