छोट्या ट्रॅक्टरला आधी कोणतं औजार घ्यावं?

खान्देशात २० ते २८ एचपीचा ट्रॅक्टर दारात आला की सोबत बहुतेकदा रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं औजार) येतोच. पैसे उरले तर मग बाकीची औजारं. काळ्या रानासाठी हा क्रम उलटा हवा असं माझं ठाम मत आहे. पहिला खर्च कल्टिव्हेटरवर (लोखंडी फणांनी माती उकरणारं औजार) करा, रोटाव्हेटर त्यानंतर, आणि पलटी नांगर विकत घेऊच नका.

नांगर ओढायला नुसता एचपी पुरत नाही, चाकाची पकड लागते, आणि पकड वजनातून येते. हे ट्रॅक्टर साधारण ६५० ते १००० किलोचे. रावेर, यावल, चोपड्याकडची तापीकाठची खोल काळी जमीन एप्रिलमध्ये वाळून भेगाळली की एका फाळाचा १२ इंची नांगरसुद्धा आत शिरत नाही. शिरला तर चाकं जागेवर फिरतात. खोल नांगरट दरवर्षी लागतही नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरने भाड्याने करून घ्या.

चाक किती घसरतं ते मोजता येतं. मागच्या टायरवर खडूची खूण करा. औजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर मोजा. मग त्याच रानात औजार लावून पुन्हा दहा फेरे. रिकामा ३४ मीटर गेला आणि औजारासह ३० मीटर, तर घसरण १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ठीक. औजारासह २७ मीटरच गेला तर घसरण २० टक्के झाली. डिझेल आणि टायर दोन्ही वाया चाललेत. अशा वेळी खोली कमी करा किंवा दोन फण काढा.

कल्टिव्हेटर भारी जमिनीत पाच फणांचा, हलक्यात सात फणांचा. साक्रीकडच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या रानात स्प्रिंगचा घ्या; दगड लागला की फण मागे सरतो, मोडत नाही. काळ्या वाळलेल्या रानात मात्र स्प्रिंग सारखी ताणली जाते आणि खोली एकसारखी राहत नाही, तिथे बिनस्प्रिंगचाच बरा. दोन्ही मागच्या चाकांच्या बरोब्बर मागे एकेक फण आलाच पाहिजे, नाहीतर चाकाने दाबलेला पट्टा तसाच राहतो. पुढचे फण खोल आणि मागचे वर चालत असतील तर टॉप लिंक (औजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) थोडी लांब करा.

रोटाव्हेटरची रुंदी ठरवताना दोन मापं बघा. २४ एचपीच्या इंजिनातून पीटीओला (औजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) साधारण २० एचपी मिळतात. भारी जमिनीत त्यावर ३ ते साडेतीन फुटी रोटाव्हेटर चालतो. चार फुटी २७-२८ एचपीला. दुसरं माप मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. रोटाव्हेटर त्याहून अरुंद असेल तर चाकाचा माग उघडा पडतो. टायर आत घेता येत असतील तर आधी ते करा, मग रोटाव्हेटर निवडा. उचलण्याची क्षमताही फसवी असते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा औजार उचलणाऱ्या खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेला असतो, आणि औजाराचं वजन त्याच्याही मागे लटकतं. उचलल्यावर पुढची चाकं हलकी झाली तर पुढे वजन लावावं लागेल.

सगळ्यात जास्त मोडतोड पीटीओ शाफ्टची, म्हणजे पीटीओ आणि औजार जोडणाऱ्या दोन पाइपांच्या दांड्याची होते. काम करताना आतला पाइप बाहेरच्या पाइपात किमान एक तृतीयांश शिरलेला हवा. औजार पूर्ण उचललं तरी पाइप शेवटाला टेकता कामा नये. टेकला की धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. लांब असेल तर दोन्ही पाइप सारखेच कापा. दोन्ही पाइपांच्या आतल्या टोकाचे काटे एका रेषेत ठेवा, नाहीतर थरथर सुटते आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात. वळताना पीटीओ बंद करूनच उचला.

केळीच्या रानात आधी ठिबकच्या नळ्या गोळा करा. खोडाचे धागे रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळले जातात, सील कापतात आणि तेल गळायला लागतं. ट्रॅक्टर बंद करून, औजाराला खाली टेकू देऊन रोज ते विळ्याने कापून काढा. उभ्या पऱ्हाटीत (कपाशीच्या काड्यांत) छोटा रोटाव्हेटर घालू नका. आधी पऱ्हाटी उपटा किंवा कुट्टी करा.

ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर चालवला की पात्याखाली चार-पाच इंचांवर गुळगुळीत कठीण थर बसतो आणि कपाशीचं सोटमूळ तिथे वाकडं होतं. चार इंचांखालची माती मुठीत दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटली तर वाफसा आहे. गोळा तसाच राहिला तर थांबा. हराळी, लव्हाळ्याच्या रानात रोटाव्हेटर नकोच, मुळ्यांचे तुकडे होऊन तण रानभर पसरतं. तिथे उन्हाळ्यात कल्टिव्हेटरने मुळ्या वर काढून वाळवा, वेचून जाळा. पेरणीआधी वर आलेलं बारीक तण काढायला ट्रॅक्टरचा वखर पुरतो. त्याला ताकद कमी लागते आणि भेगाही बुजतात.

महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अनुदानासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल करू नका.