डाव्या गोलावर अडणारी घोडी: माझा अनुभव

"घोडी आडमुठी हाय ताई, तोंड डावीकडं आवळून बांधा, चार दिवसात सरळ हुतीया." कोल्हापुरात हे इतक्या जणांनी सांगितलं की अजून आठवलं तरी डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले.

माझी हरणी काठेवाडी, सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेली, वडणग्याकडं शेतात असते. आणणं, लसी, खोगीर सगळं व्यवस्थित झालं, अडलं ते एकाच ठिकाणी, डाव्या गोलावर, म्हणजे डावीकडं वळत गोलात फिरताना. उजव्या गोलावर मान मस्त वळवायची पण अंग बाहेर डाव्या खांद्यावर सांडायचं आणि गोल मोठाच होत जायचा. डावीकडं घेतली की मान बाहेर उजवीकडं, भार आत डाव्या खांद्यावर, गोल लहान लहान होत शेवटी जागेवरच. डावा लगाम हाताला मणभर, उजव्यात काहीच नाही. आणि कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची उडती चाल, कायम उजवा पाय पुढं टाकूनच उचलणार, डाव्या पायानं उचलायचा विषयच नाही.

ही खोड नव्हे ओ. जवळजवळ प्रत्येक घोडा जन्मतःच थोडा वाकडा असतो, एक बाजू पोकळ, म्हणजे आत सहज वाकणारी, आणि दुसरी ताठ. माझी उजवीकडं पोकळ. पैलवान नाही का एकाच बाजूनं डाव मारायला सोकावतो, तसंच. घोड्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि त्याला हासळीचं हाडच नसतं, छाती दोन खांद्यांच्या मधे नुसत्या स्नायूंवर तोललेली, त्यामुळं ती एका बाजूला कलली की सगळा घोडाच कलतो. मागचा उजवा पाय पोटाखाली यायचा तो बाजूला पडतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला एका रायडिंगच्या ठिकाणी पैसे भरूनसुद्धा कुणी सांगितली नाही. अडतं डावीकडं म्हणून सगळे डावी बाजूच धरून बसतात, पण आखूड झालेले स्नायू उजवीकडचे असतात! डावीकडं वाकायचं म्हणजे उजवी बाजू लांब व्हायला पाहिजे, ती होत नाही म्हणून ती अडते. तिथले सर रोज एकच म्हणायचे, डावी साइड रेन, म्हणजे तोंडातल्या लगामापासनं खोगिराला बांधायचा पट्टा, दोन भोकं आत घ्या. मी नाही घेतली आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. मान ओढली की मान तेवढी मुळातनं मुडपते, खांद्यावरचा भार तिथंच राहतो, वर आवळलेल्या लगामावर घोडी अजूनच टेकते. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, इतकं शिकवायचं असंल तर तुम्हीच शिकवा की. मग मीच शिकवलं.

पण हाच टप्पा लय लांबला. पावसाळाभर शेतात चिखल, गोल घेणार कुठं, पुढं गळिताचा हंगाम, रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. खोगीर बाजूला ठेवलं आणि नुसती मोरखी घालून चालीवर पायीच काम केलं. डाव्या गोलावर तिच्या डाव्या खांद्याला बोटं लावायची आणि खांदा बाहेर सरकवायला सांगायचं, मान ओढायची नाही. दोन-तीन पावलं दिली की लगेच सोडायचं, थांबून मान चोळायची. कित्येक दिवस ती माझ्यावरच रेलायची आणि मी चिडून घरी जायचे. मग एका सकाळी बांधाच्या कडेला तिनं मान खाली सोडली, नाक फुरफुरलं, उजवीकडच्या बरगड्या उघडल्यासारखी लांब झाली आणि मागचा उजवा पाय बाजूला न पडता थेट पोटाखाली पडला. तिथंच थांबवली आणि त्या दिवशी पुढं काहीच केलं नाही. मला रडू आलं खरं.

त्यानंतर शोल्डर-इन, म्हणजे सरळ रेघेवर चालताना पुढचे खांदे थोडे आत घ्यायचे. १८ व्या शतकातल्या ग्येरिनिएर या फ्रेंच गुरूनं बसवलेला हा व्यायाम, आमच्या उसाच्या बांधावर पण चालतो. आधी पायी, मग वर बसून, मग दुडकीत. उजव्या गोलावर उलटं, तिथं मान जास्त वळू द्यायची नाही, डाव्या बाहेरच्या लगामानं खांदे वळवायचे. डाव्या पायाचा कँटर सगळ्यात शेवटी आला, तो आधी मागत बसू नका.

आणि हो, हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडचे बहुतेक डॉक्टर गाई-म्हशीतले, घोड्यातला माणूस मिळायला थांबावं लागलं, पण थांबा. वाकडेपणा वेगळा आणि लंगडणं वेगळं. कडक रस्त्यावर सरळ दुडकीत पळवून डोकं बघायचं, पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगल्यावर खाली. तसं दिसलं तर व्यायाम बंद. दात पण बघून घ्या.

नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलवा. हरणीचा पुढचा एक खूर उभा आणि एक पसरट आहे, शिंगरं चरताना एकच पाय पुढं टाकायची सवय लावून घेतात त्यातनं असा फरक पडू शकतो. आमचा नालबंद दोन्ही एकसारखे करायला निघाला होता, मी हात धरला. एका दमात जुळवलं तर वरचे सांधे आणि कंडरा ताणतात, थोडं थोडंच घ्यायचं.

खोगीर मागनं बघायला पण कुणाला तरी सांगा, ते सरकत असेल तर तुम्हीही एका बाजूला बसताय, रिकिबी मोजून सारख्या करा. दुडकीत उठबस करताना बाजू बदलत राहा, कायम घोड्याच्या एकाच पुढच्या पायाबरोबर उठू नका. घोड्यावर कधी कधी उजवीकडनंही चढा, आधी कठड्यावरनं, शांतपणे.