आंबोलीतली शीळ

पहाटे पाचला भाचीनं मला हलवून उठवलं. "मावशी, बाहेर कुणीतरी मुलगा शीळ घालतोय."

जूनचा पहिला आठवडा. धुकं इतकं, की अंगणातली तुळसही दिसेना. व्हाळाकडून खरोखरच शीळ येत होती. चाल अर्धवट आठवणाऱ्या माणसानं स्वतःशीच गुणगुणावं तशी, मध्येच घसरणारी, पुन्हा उचललेली. काकू चुलीपाशी होत्या. "मुलगो नाय गो, पाखरू ता. पावस जवळ इलो काय असाच घालता शीळ."

तो शीळकरी कस्तूर. सह्याद्रीतल्या खडकाळ ओढ्यांकाठी राहणारा. मी त्याच्याचसाठी आले होते. सावंतवाडीहून एसटीनं घाट चढताना मांडीवर दुर्बीण, पक्ष्यांचं पुस्तक आणि यादीची वही. भाचीला नावं नको होती. तिला उत्तर द्यायचं होतं. पण सात वर्षांची ती, पुढचे दोन्ही दात पडलेले. ओठांचा चंबू करून फुंकलं की नुसती हवा. फूऽऽ. तरी दिवसभर फुंकत राहिली.

व्हाळाकाठी तिनं एक खेळ काढला. डोळे मिटायचे आणि नवा आवाज आला की एक बोट दुमडायचं. पहिलं बोट पावशाला, त्याचं 'पेरते व्हा, पेरते व्हा' चढत चढत गेलं. दुसरं कुटुरग्याला. तिसरं बुलबुलाला. मग तिनं पाण्याला एक बोट दिलं, पानांवरून गळणाऱ्या थेंबांना एक. माझी तीनच झाली होती. पाणी मी ऐकलंच नव्हतं, त्यात पाय बुडवून बसले होते तरी. दुर्बीण तेव्हाच पिशवीत गेली.

हिरण्यकेशीलाही गेलो. गुहेतून नदी निघते तिथं मंदिर आहे. इथल्या एका छोट्या माशाची 2020 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि 2021 मध्ये ही जागा जैविक वारसा स्थळ ठरली. भाची पाण्यावर ओणवी होऊन माशांशी तासभर बोलत बसली.

कस्तूर दिसला तो परतीच्या सकाळी. ओल्या खडकावर, कोळशासारखा काळा. क्षणभर ऊन आलं आणि खांदा, कपाळ निळंशार पेटलं. भाचीनं माझा हात घट्ट धरला. बोट दाखवलं नाही, ओरडली नाही. अगदी हळू फुंकर घातली. फूऽऽ. तो मान तिरकी करून थांबला, मग त्याचीच मोडकी चाल पुन्हा सुरू केली. माझा गळा भरून आला होता.

परवा तिचा फोन आला. "मावशी, एक दात आलाय. थोडी शीळ वाजते. कस्तूर अजून गात असेल ना गं?"

सावंतवाडीची तिकिटं काढली आहेत.