स्कीइंगच्या जागी कांद्याची गोणी

एफवायबीएस्सीला घर्षण शिकवताना मला कित्येक वर्षं एक गोष्ट टोचत होती, की पुस्तकातलं उदाहरण पोरं सोडवतात, उत्तर बरोबर आणतात, पण त्यातलं काहीच त्यांच्या डोळ्यासमोर येत नाही. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावात, निम्म्याहून जास्त पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियमची, त्यात सिलॅबस बदलला की नवीन पुस्तक बाजारात यायला वेळ लागतो आणि आलं तरी प्रत्येकाला परवडतं असं नाही. मग सगळे टेलिग्रामवरून कुठल्यातरी पुस्तकाची स्कॅन केलेली चोरटी पीडीएफ काढतात, अर्धी पानं तिरकी, आकृत्या काळ्या झालेल्या.

तेव्हा शोधता शोधता ओपनस्टॅक्स सापडलं. अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीचा हा प्रकल्प, त्यांचं 'कॉलेज फिजिक्स' हे अख्खं पुस्तक 2012 पासून फुकट आहे. पण फुकट आहे हे मला आता दुय्यम वाटतं, खरी गोष्ट त्याच्या लायसन्समध्ये आहे. ते क्रिएटिव्ह कॉमन्सचं 'सीसी बाय' लायसन्स आहे, म्हणजे मूळ लेखकांचं नाव आणि लिंक द्या, लायसन्स सांगा, काय बदललं ते सांगा, आणि मग खुशाल बदला, भाषांतर करा, झेरॉक्स काढून वाटा. शिक्षकाला पुस्तकात हात घालायची परवानगी आधीच दिलेली आहे, कुणाला पत्र लिहायला नको.

त्यात घर्षणाचं एक उदाहरण आहे, 62 किलोचा माणूस 25 अंशाच्या बर्फाळ उतारावरून स्कीवर घसरतोय, घर्षण 45 न्यूटन, तर घर्षण गुणांक (पृष्ठभाग वस्तूला किती अडवतो ते सांगणारा आकडा) काढा. उत्तर 0.082. गणित सुंदर आहे, पण आमच्या पोरांनी बर्फ पाहिलाय तो रसवंतीतला. म्हणून मी स्की काढली आणि तिथे कांद्याची गोणी ठेवली, 50 किलोची, टेम्पोला लावलेल्या फळीवरून खाली येणारी. कोन मात्र आळसाने तोच ठेवला, 25.

वर्गात एक मुलगा आहे, त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तो एरवी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, सर फळी एवढी उभी नसते, आणि गोणी आपोआप घसरत नाही, वरून जरा ढकलावी लागते, मग सावकाश एका चालीने येते. मी त्याला म्हटलं तूच मापं घेऊन ये. दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं, फळी 8 फूट, फाळका उघडल्यावर टेम्पोची उंची 3 फूट. म्हणजे कोन साधारण 22 अंश, आणि गोणी एकाच वेगाने येतेय म्हणजे घर्षण गुणांक त्या कोनाचा टॅन, 0.40. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला की सर वजन दिलंय ते कुठे वापरलं, आणि ते दोन्ही बाजूंनी कटतं हे पोरांनी स्वतः शोधलं. 'ढकलावी लागते' या दोन शब्दांत स्थितिक (वस्तू थांबलेली असतानाच्या) आणि गतिक (सरकत असतानाच्या) घर्षणातला फरक पण येऊन गेला, जो मी दरवर्षी बोर्डावर अर्धा तास शिकवायचो.

हे सगळं झालं कारण ते पान बदलायची मला मुभा होती, एवढंच मला सांगायचंय.

त्यामुळे आता काहीही वापरण्याआधी मी खाली लायसन्सची ओळ बघतो. नेटवर दिसतंय म्हणजे ओपन आहे असं नसतं, यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ बघायला मोफत आहेत पण कापून जोडून वापरायला नाहीत (तिथे फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं, गुगल इमेजेसमध्ये पण आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). सीसी बायच्या पुढे एनसी लिहिलं असेल तर धंद्यासाठी नाही, एसए असेल तर आपण बनवलेलं पण त्याच लायसन्सखाली द्यायचं. आणि एनडी, म्हणजे बदलून वाटायला मनाई, असेल तर सांभाळा, भाषांतर म्हणजे सुद्धा बदलच, त्यामुळे त्याचं मराठी करून वाटता येत नाही, आपल्यासाठी तो रस्ता बंदच. ओपनस्टॅक्सची सुद्धा सगळी पुस्तकं एकाच लायसन्सची नाहीत, कॅल्क्युलसवर एनसी आणि एसए दोन्ही आहेत.

मराठीत तयार मिळणारं पण आहे. आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्यूटोरियल, दहा-दहा मिनिटांचे, लिब्रेऑफिस, सायलॅब वगैरे सॉफ्टवेअर शिकायला, बरेचसे मराठी आवाजात. आणि माझं सगळ्यात आवडतं फेट, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचं, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं. त्यातली कितीतरी सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, मराठीत आहेत आणि फाइल एकदा डाउनलोड केली की नेट लागत नाही, मी पेनड्राइव्हवरून लॅबच्या चारही कॉम्प्युटरवर टाकून ठेवलीत. सर्किटवालं उघडायचं, एका सेलला दोन बल्ब ओळीने जोडायचे आणि चालू करण्याआधी विचारायचं, कुठला जास्त पेटेल? दरवर्षी निम्मा वर्ग म्हणतो पहिला, कारण करंट तिथे 'संपतो'. मग चालू केलं की दोन्ही सारखेच, आणि तारेतले निळे इलेक्ट्रॉन पहिल्या बल्बच्या आधी आणि नंतर त्याच वेगाने चाललेले दिसतात. वर्गात एकदम शांतता होते. दहावीला पाठ केलेले विभवांतर, रोध हे शब्द तेव्हा कुठे जागे होतात, आणि इंग्रजी पुस्तकातल्या पोटेन्शियल डिफरन्सची भीती जाते.

गोणीचं ते वर्कशीट मी सीसी बायनेच ड्राइव्हवर टाकलंय, खाली ओपनस्टॅक्सचं नाव, लिंक आणि काय बदललं ते लिहिलंय. कोकणातल्या एका मॅडमनी त्यात गोणीऐवजी आंब्याची पेटी घेतली, आणि पेटी लाकडी असल्यामुळे गुणांक वेगळा येतोय म्हणून त्या पोरांकडून मोजून घेतायत, ते आकडे आले की मी पण वापरणार आहे.

आता उष्णतेचं प्रकरण सुरू करतोय. गूळ करताना काहिलीतल्या रसाचं तापमान कुणी थर्मामीटर लावून मोजलं असेल, किंवा कुणाच्या गावात गुऱ्हाळ चालू असेल आणि पोरांना पाठवून मोजता येत असेल, तर मला आकडे हवेत, किती वाजता किती होतं ते, साधं कागदावर लिहून फोटो पाठवलात तरी चालेल.