सेंटरबोर्ड आणि त्याची दोरी : माझा अनुभव

मे महिन्यातली गोष्ट. शिडाच्या होडीतून दिवाळे कोळीवाड्याच्या धक्क्याकडे परत येत होते. ओहोटी लागली होती, म्हणून सेंटरबोर्ड, म्हणजे होडीखाली उतरणारी फळी, वर घ्यायला दोरी ओढली, तर ती सरळ हातात आली. हातभर तुकडा, टोकाला पिंजलेला. बोर्ड खालीच राहिला. होडी चौदा फुटी. बोर्ड वर असला की फूटभर पाणी पुरतं, खाली असला की साडेतीन फूट लागतं. दहा मिनिटांत तो गाळात टेकला आणि आम्ही अडकलो. पाणी उतरलं, परत चढलं, तेव्हा सुटका झाली. साडेचार तास उन्हात बसून होते.

ज्यांनी शिडाची होडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. वारा होडीला पुढे नेतो तसा बाजूलाही ढकलतो. होडीच्या पोटातल्या पेटीतून खाली उतरणारी ही फळी ते सरकणं अडवते. ती एका बोल्टवर फिरते, त्यामुळे तळाला लागली की तिने आपणहून मागे कलून वर यायला हवं. माझी आली नव्हती. दोरी तुटली हे कळलं, पण बोर्ड का अडकला, हे मला तेव्हा कळेना.

जूनमध्ये कोळीवाड्यातल्या होड्या वर ओढल्या, त्यांच्याबरोबर माझीही ओढली. जुन्या टायरांवर आडवी केली आणि ताडपत्री बांधली. शेजारच्या होडीचे तात्या बघायला आले. मी पुलीपासून हाताकडच्या टोकापर्यंत दोरी तपासलेली, नवी असल्यासारखी दिसत होती. ते म्हणाले, "पोरी, दोर दिसतो तिथं तुटत नाय. पेटी खोल."

खोलली. दोरी पेटीच्या वरच्या नळीतून आत जाते, त्या नळीची कड धारदार होती. बोर्ड खाली असताना दोरी रोज त्याच बोटभर जागी घासत होती. तुटलेल्या टोकाचे पीळ उलगडले तर आतून राखाडी गाळ निघाला. मिठाचे आणि रेतीचे कण दोरीच्या आत बसून तिला आतून कापतात, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आता फेरी झाली की दोरी गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवते.

बोल्ट काढायला अर्धा दिवस गेला. दोन्ही टोकं चकचकीत, मधला भाग मात्र खड्डे पडून बारीक झालेला. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचायला हवा लागते. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात त्याच्यावरचा संरक्षक थर टिकत नाही. बाहेरून बघून हा बोल्ट कोणीही चांगलाच म्हटला असता. नवा ३१६ ग्रेडचा घेतला.

मग बोर्ड. प्लायवूडवर फायबरग्लासचं आवरण आहे. जाडी २२ मिलिमीटर असायला हवी, बोल्टच्या भोकाजवळ ती २७ भरली. पेटीची फट २८. भोक घासून लांबट झालेलं, तिथून पाणी लाकडात शिरलं, लाकूड फुगलं आणि त्यावर कालवं चिकटली. बोर्ड अडकला तो यामुळे.

फुगलेला भाग सोलून काढला. ओल्या लाकडावर इपॉक्सी (सुकून कडक होणारं रेझिन) लावलं की ओल आत कोंडते आणि लाकूड सडतं, म्हणून बोर्ड आधी नीट वाळवायचा. पावसाळ्यात वाळवायचा कुठे? नेरूळला घरी आणला, हॉलमध्ये पंख्याखाली उभा केला. दर रविवारी वजनकाट्यावर ठेवायचे. पहिल्या रविवारी २१.४ किलो, मग २०.६, मग २०.१, मग १९.८ आणि पुढच्या रविवारीही १९.८. वजन थांबलं म्हणजे निघण्याजोगं पाणी निघालं. पाच आठवडे आईने त्याच्या बाजूने केर काढला, एकदाही कुरकुर केली नाही.

भोक मोठं करून घट्ट इपॉक्सीने भरलं आणि त्यातच नवं भोक पाडलं, म्हणजे बोल्टजवळचं पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. तुर्भे एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे बुश, म्हणजे बोल्टभोवती भोकात बसणारी नळी, करून घ्यायला गेले. त्याने नायलॉन सुचवलं. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, म्हणून डेल्रिन या कडक प्लास्टिकचा आग्रह धरला आणि त्याने तो छान करून दिला. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावा लागतो. न धुता पॉलिश पेपर मारला तर थर नुसता पसरतो आणि वरचा रंग सुटतो.

नळीची कड कानशीने गोल केली, बोट फिरवून खात्री केली. दोरी सहा मिलिमीटरची पॉलिस्टरची घेतली. नायलॉनची ताणते, बोर्ड हळूहळू खाली सरकतो. ती फूटभर जास्त ठेवली आहे. दर हंगामात बोर्डकडची गाठ सोडून चार बोटं कापायची आणि परत बांधायची, म्हणजे घासणारी जागा बदलते. हाताकडच्या टोकाला आठाची गाठ आहे, टोक नळीत ओढलं जाऊ नये म्हणून. बोर्ड अर्धा उतरला की हाताशी येईल अशा जागी लाल दोरा गुंडाळला आहे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी होडी पाण्यात उतरवली. बोल्टपाशी पाणी झिरपतंय का ते बघत बराच वेळ बसले. कोरडं होतं. परतीच्या वाटेवर, त्याच उथळ जागी, दोरी क्लीटमधून, म्हणजे ती अडकवायच्या खुंटीतून, मोकळी करून हातात धरली होती. पायाखाली एक मऊ धक्का जाणवला आणि दोरी हातात सैल पडली. बोर्ड गाळाला लागून आपणहून वर आला होता. मी सैल दोरी ओढून घेतली आणि तशीच धक्क्याला लागले.