तुम्ही विचारलंत म्हणून: सून, जावई, नातवंडं आणि अंदमान

सांगलीच्या विश्रामबागेत सकाळी फिरताना, लग्नकार्यात, भाजीच्या गाडीशी, ओळखीच्या बायका मला हटकून एकच विचारतात. "मुलं एवढी मोठी, संसारी. लेक बेंगळुरूला. तरी तुम्ही सगळे मिळून अंदमानला जाऊन आलात. जमवलंत कसं? आणि भांडणं नाही झाली?" विचारणारीला बहुतेक वेळा हॉटेलचं नाव आणि एजंटचा नंबर हवा असतो. मला जे सांगावंसं वाटतं ते त्याच्या बरंच आधीचं असतं आणि रस्त्यात उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी माणसं सांगते. थोरला मुलगा तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग बघतो. तो, सून आणि तीन वर्षांचा नातू तिथेच राहतात. लेक आणि जावई बेंगळुरूला नोकरीत, त्यांची मुलगी बालवाडीत. आणि आम्ही दोघं सांगलीत, निवृत्त.

सहलीचं मनात आलं की पहिलं काम म्हणजे प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारायचं. जेवताना सगळ्यांसमोर "समुद्रावर जायचं का?" म्हटलं की सगळेच हो म्हणतात. सून सासऱ्यांसमोर नाही म्हणत नाही. जावई सासुरवाडीत नाही म्हणत नाहीत. ज्याच्याकडे त्या वर्षी पैशाची ओढाताण आहे तो भाऊ बहिणीसमोर तोंड उघडत नाही. असा होकार घेऊन तिकिटं काढली तर ज्याला यायचं नव्हतं तो सहलीतच धुसफुसतो, आणि कारण काय ते कुणाला कळत नाही.

मी "कुठे जायचं?" असं विचारलंच नाही. "तुला काय नको?" असं विचारलं. काय हवं ते सांगताना माणूस संकोचतो, दुसऱ्याला काय आवडेल याचा अंदाज घेतो. काय नको ते मात्र लगेच आणि खरं सांगतो. सून म्हणाली, "आई, एक तरी सकाळ मला कुणी उठवू नका. चहासुद्धा नको." बागेवर गडी-बायका सातला येतात. लग्न झाल्यापासून तिची सकाळ स्वतःची अशी नव्हतीच. हे ती चारचौघांत कधी बोलली नसती. जावई म्हणाले, "मला बोट लागते, लांबचा बोटीचा प्रवास नको." मुलगा म्हणाला, "जिथे फोन लागत नाही अशा ठिकाणी नको." लेकीला रोज सामान बांधून हॉटेल बदलणं नको होतं. ह्यांना काहीच नको नव्हतं, फक्त सेल्युलर जेल पाहायचा होता.

एवढं हातात आल्यावर निम्मी सहल ठरल्यासारखीच होती.

मग तारखा. नोकरदार घरात दिवाळी किंवा मे महिना एवढंच बघतात. आमच्यात बागेचं कॅलेंडर सगळ्यांच्या वर. ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्या, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, आणि जानेवारीपासून माल उतरेपर्यंत मुलाला गाव सोडता येत नाही. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी तिथेच बाद. जावई विक्री विभागात, त्यामुळे ३१ मार्चपर्यंत त्यांच्या रजेचा विषय काढायचा नाही. पण माल गेल्यावर खरड छाटणीपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यातल्या दुसऱ्या छाटणीपर्यंत, बागेला विश्रांती असते. खरड छाटणी जरा पुढे ढकलून एप्रिलचे पहिले दिवस मोकळे करता येत होते. नातीच्या शाळेलाही सुट्टी लागली होती. त्या वर्षी पाडवा मार्चमध्येच झाला होता, त्यामुळे गुढी घरी उभारून निघता आलं.

तारखा आधी आणि जागा नंतर, असं मी आग्रहानं सांगते, कारण समुद्राकाठच्या गावांना आपापला ऋतू असतो. अंदमानला मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला मान्सून पोहोचतो, आपल्याआधी. एप्रिलमध्ये तिथे समुद्र बराचसा शांत आणि पाणी नितळ असतं. उकाडा असतो, दमट हवा असते, पण सांगलीत पारा चाळिशीकडे सरकत असताना त्या उकाड्याचं आम्हाला काही वाटलं नाही. बालीला नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मॉरिशसला जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. सोयीची तारीख आणि तिथला ऋतू जुळला नाही, तर कितीही महागडं हॉटेल घेतलंत तरी खिडकीतून पाऊसच बघायचा.

अंदमानला पासपोर्ट लागत नाही, हेही कारण होतं. पासपोर्ट परतीच्या पुढे सहा महिने चालणारा असावा, अशी बऱ्याच देशांची अट असते, आणि मुलाचा तर काढलेलाच नव्हता. मात्र देशातल्या विमानालाही नावाचं बघावं लागतं. आपल्याकडे सुनांचं आधार सासरच्या नावाचं आणि पॅन माहेरच्या नावाचं, असं सर्रास असतं. तिकीट ज्या नावावर, त्याच नावाचं ओळखपत्र पिशवीत हवं.

आता पैशांचं सांगते. याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही आणि घरं दुखावतात ती इथेच.

आमच्याकडे लेकीच्या घरी दरमहा ठरलेले दोन पगार येतात. मुलाचं उत्पन्न वर्षातून एकदा, तेही दर आणि अवकाळी पाऊस ठरवणार. दोघं माझीच मुलं, पण खर्च करायची ताकद सारखी नाही. म्हणून मी बजेट आधी मुलाला विचारलं, एकट्याला. तो जो आकडा म्हणाला, त्याच्या वर सहल जाऊ दिली नाही, आणि तो आकडा कुणाचा हे कुणाला सांगितलं नाही. आज हे लिहिते आहे ते त्याला विचारूनच. लेकीला समुद्राकडे तोंड असलेली महागडी खोली परवडली असती. पण सगळ्यांच्या खोल्या एकाच प्रतीच्या घ्यायच्या, हे मी ठरवून टाकलं. भाऊ मागच्या खोलीत आणि बहीण समुद्रासमोर, असं झालं तर सुनेच्या मनात ते कायमचं राहतं. तिनं तोंडानं कधी काढलं नाही तरी राहतं.

राहणं आणि बोटी आम्हा दोघांच्या पेन्शनीतून केल्या. विमानाची तिकिटं ज्याची त्यानं काढली. चहा, टॅक्सी, शहाळी, बक्षिसी यासाठी कॉन्ट्री काढली, आणि ती सुनेच्या हातात दिली. घरातल्या कुणाच्याही हातात पैसे देता आले असते. पण पैसे जिच्या हातात तिला कुठे थांबायचं, काय घ्यायचं हे विचारलं जातं, आणि मला तिला विचारलं जायला हवं होतं. स्कूबासारखे, म्हणजे नळकांडं लावून पाण्याखाली उतरण्यासारखे, हौशीचे खर्च ज्याचे त्याने.

"सगळा खर्च तुम्हीच का नाही केलात, मुलंच आहेत ना?" असंही विचारतात. पूर्ण खर्च आपण केला की आखणीही पूर्ण आपलीच होते. चाळिशीला आलेला मुलगा आणि परक्या घरातून आलेले जावई मग पाहुण्यासारखे वागतात, दिलं ते खातात, नेलं तिथे जातात. मला पाहुणे नको होते.

दुसरी गोष्ट मी फार ठामपणे सांगते. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेऊ नका. मोठ्या कुटुंबासाठी आजकाल सगळे तेच सुचवतात, स्वस्तही पडतं. पण गॅस दिसला की आपल्या बायका चहा टाकतात. चहा झाला की मुलांना वरणभात लावतात. दोन दिवसांत सून आणि लेक ओट्याशी उभ्या आणि पुरुष समुद्रावर. हॉटेलात राहायचं, नाश्ता तिथेच धरून. बरोबर भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी ठेवायची, मुलांची अडलेली भूक भागते. अंदमानात बंगाली आणि तमिळ माणसं खूप, त्यामुळे मासे उत्तम मिळतात आणि इडली-डोसा, शाकाहारी थाळीही मिळते. मासे खाणारी मंडळी असतील तर तारखा धरताना तुमच्या घरचे वारही बघा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी समुद्रकाठी बसून निम्म्या घरानं नुसतं बघत राहायचं, हे काही खरं नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. आम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला लेकीकडे गेलो, एक दिवस टेकलो आणि तिथून सगळे मिळून विमानानं. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे २०१८ पासून. तिकिटांवर आणि लोकांच्या तोंडी दोन्ही नावं येतात, गोंधळू नका. जावयांना बोट लागते म्हणून नील बेट आम्ही वगळलं आणि फक्त हॅवलॉक केलं. खासगी वेगवान बोट साधारण दीड तासात पोहोचते. निघण्यापूर्वी त्यांनी गोळी घेतली आणि त्रास झाला नाही. फोन चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, बरा लागतो. मुलाचं बागेतल्या माणसाशी रोज बोलणं होत होतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम हवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, आणि तुम्ही हॅवलॉकला अडकलात तर सगळ्यांची तिकिटं जातात. स्कूबाही शेवटच्या दिवशी ठेवू नये. पाण्याखाली उतरल्यावर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नये असं तिथले शिकवणारे सांगतात. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर आधी सांगावं लागतं. दहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी उतरू देत नाहीत. शंख-शिंपले, प्रवाळ उचलून आणायला मनाई आहे. नातवंडांना हे घरूनच सांगून ठेवा, नाहीतर विमानतळावर रडारड.

आणि घड्याळ. अंदमान इतकं पूर्वेला आहे की एप्रिलमध्ये सव्वापाचच्या आत उजाडतं आणि साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. सांगलीत त्या दिवसांत पावणेसात होतात. उशिरा उठणाऱ्या तरुण मंडळींचा दिवस तिथे हा हा म्हणता संपतो. म्हणून दिवसाला एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची, बाकी दिवस ज्याचा त्याचा, असं ठरवलं. हॅवलॉकला असताना ती गोष्ट म्हणजे राधानगरच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त. पाच वाजता सगळे तिथे. तोवर लेक पाण्याखाली, मुलगा आणि जावई भाड्याच्या स्कूटरवर, आम्ही दोघं झाडाखाली. सून दहा वाजेपर्यंत झोपली. नातवंडं ठरलेल्या दोन दुपारी आमच्याकडे, एरवी आपापल्या आईबापांकडे. हेही आधीच बोलून घ्यावं. आजी-आजोबा बरोबर आहेत म्हणजे मुलं त्यांच्याकडे, असं धरून चालले की आपली सहल खोलीतच होते. आणि न बोलता कुढत बसण्यापेक्षा बोललेलं बरं.

सेल्युलर जेलला मात्र सगळ्यांनी यायचं, हे ह्यांनी मागून घेतलं होतं. १८९६ मध्ये बांधायला घेतलेला आणि १९०६ मध्ये पुरा झालेला तुरुंग. सातपैकी तीनच इमारती आता उभ्या आहेत. तात्याराव सावरकरांची कोठडी बघायला गर्दी असते. ह्यांनी मुलांना बाबारावांचं सांगितलं. थोरले बंधू बाबाराव सावरकर याच तुरुंगात होते, आणि १९४५ साली ते वारले आपल्या सांगलीत. बेंगळुरूला वाढणारी नात सांगलीचं नाव ऐकून म्हणाली, "आपली सांगली?" आजोबा तिला कडेवर घेऊन बराच वेळ त्या लांबलचक व्हरांड्यातून फिरत होते.

भांडणाचं विचारता, तर कुरबुरी झाल्या. जावयांना आणि मुलाला एकाच स्कूटरवर बसायचं नव्हतं. लेक एक दिवस सगळ्यांना नीट तयार व्हा, फोटो काढायचे आहेत, म्हणून मागे लागली. संध्याकाळपर्यंत मिटलं. भांडण म्हणावं असं झालं नाही, कारण ज्यावरून घरं भांडतात ते पैसे, कामं आणि मुलं सांभाळणं, हे तिन्ही निघण्यापूर्वी बोलून झालं होतं.

शेवटचा प्रश्न असतो, "कुणी येत नाही म्हटलं तर?" तर नाही म्हणू द्यावं. रुसू नये, नातेवाइकांकरवी निरोप पाठवू नये, "आमचे किती दिवस राहिलेत" हे तर मुळीच बोलू नये. त्या वाक्यानं मूल येतं, पण आईबापांच्या मरणाला भिऊन येतं. पुढच्या वेळी लेक मॉरिशस म्हणते आहे, ऑगस्टमध्ये. तेव्हा तिकडे थंडीचे कोरडे दिवस असतात, आणि तिथे कैक पिढ्यांपूर्वी गेलेली मराठी माणसं आहेत, त्यांना भेटायची ह्यांना फार हौस. थोरल्यानं नवीन प्लॉट लावला आहे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलमं भरायची आहेत. तो म्हणाला, "आई, मला नाही जमणार, तुम्ही जा." सुनेला मी वेगळं विचारलं. तिला यायचं आहे, नातवाला घेऊन. दोघांच्या पासपोर्टचे अर्ज भरले आहेत, तिचा सासरच्या नावानं.