रातपाळीचं टर्बाइन

१४ मे, रात्र

आज दिवसभर लॅपटॉपवर मे महिना चालवला. बाहेरही तोच होता, ४४ अंशांचा.

गोंदियाकडच्या या राईस मिलमध्ये उसना तांदूळ होतो. धानाचा कोंडा जाळून बॉयलर चालतो आणि धुराड्यातून बरीच उष्णता फुकट जाते. तिच्यावर ९५ अंशांचं पाणी करून छोटं ओआरसी टर्बाइन (पाण्याऐवजी लवकर उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेवर चालणारं) फिरवता येईल का, हे तपासतोय. एवढ्याशा उष्णतेत पाण्याच्या वाफेला जोर नसतो, म्हणून आर२४५एफए हे रसायन घेतलं. हवेच्या साध्या दाबाला ते १५ अंशांवरच उकळतं. गंमत म्हणजे त्याच्या वाफेत आवाज फार हळू जातो. हवेत सेकंदाला ३४० मीटर, इथे १४० च्या आसपास. त्यामुळे नोझलमध्ये, म्हणजे पात्यांमधल्या अरुंद वाटेत, वाफ ध्वनीचा वेग सहज ओलांडते. आदर्श वायूचं समीकरणही कामाचं नाही. कूलप्रॉप या सॉफ्टवेअरमधून वाफेच्या गुणधर्मांचे तक्ते काढून ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामला द्यावे लागतात.

थंडीत कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पुन्हा द्रव करणारा भाग, ३० अंशांवर धरला तर कार्नोची मर्यादा, म्हणजे उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं ती, सुमारे १८ टक्के. मेच्या दुपारी ५५ धरला की ११. खऱ्या यंत्राने यातलं निम्मं दिलं तरी पुष्कळ. त्यात कंडेन्सरमधला दाब १.८ बारवरून ४ च्या घरात जातो. मग थंडीच्या दाबासाठी कोरलेल्या नोझलमध्ये वाफ जरुरीपेक्षा जास्त फुगते आणि शॉक, म्हणजे दाबाची अचानक उडी, तयार होतो. आज तो स्क्रीनवर लख्ख दिसला. पात्याच्या मागच्या कडेपासून निघालेली तिरपी रेघ शेजारच्या पात्याच्या पाठीवर आदळत होती, आणि तिथून पुढे प्रवाह पाठ सोडून भोवऱ्यात जात होता.

संगणकाला फक्त जानेवारी दिला तर तो सुरेख पाती काढतो, पण ती मेमध्ये निकामी. दोन्ही सारखेच धरले तर बाराही महिने मधलं-मधलं. कॅटलॉगवाले एकाच तापमानाचा आकडा छापून मोकळे होतात, त्यांचं बरं आहे. कोणत्या महिन्याला किती वजन द्यायचं, हे कोणतंच सॉफ्टवेअर सांगत नाही.

म्हणून संध्याकाळी मिलमध्ये गेलो. बॉयलरवाल्या काकांना विचारलं, मेमध्ये दुपारी किती तास चालवता?

"दुपारी कोन पेटवते बाप्पा! भट्टीसमोर मानूस टिकत नाही. रातच्याला लावतो, सकाळी बंद. खरा सीझन दिवाळीनंतर."

म्हणजे ज्या दुपारसाठी मी पाती वाकवत बसलो होतो, त्या दुपारी बॉयलर थंडच असतो. रात्री हवा ३० पर्यंत उतरते; कंडेन्सर ४२ धरला तर मर्यादा पुन्हा १४ टक्क्यांवर येते आणि शॉकही बराच सौम्य व्हायला हवा. कंडेन्सरपुढे कूलरसारखी ओली टट्टी लावायचाही मोह होतो. आपली मेची हवा कोरडी, फरक चांगला पडेल. पण मे महिन्यात पाणी कोण देणार?

काकांनी बॉयलरचं रजिस्टर दाखवलं. बाइंडिंग सुटलेलं, पानापानात कोंड्याची धूळ, पण पेटवल्याची आणि विझवल्याची वेळ रोजची. फोटो काढून आणले. आता प्रत्येक तापमानाला त्या-त्या वेळी मिल जितके तास चालली तितकं वजन. दिवाळी ते मार्च आज रात्रीच भरतो. उन्हाळी धानाची पानं काका उद्या शोधून देणार आहेत.